गिअर अडकतोय, खर्र वाजतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी घरी एवढं करून बघा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. दुपारचे अडीच-तीन, जालना रोडला सिग्नलवर उभा, सिग्नल सुटला आणि गाडी पहिल्या गिअरमधे जाईचना. मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न सुरू. क्लच दाबला, सोडला, परत दाबला, शेवटी खर्रकन आवाज करून पडला एकदाचा. गाडी म्हणजे सेकंड हॅण्ड घेतलेली टर्बो पेट्रोल, सहा गिअरची, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली, लाल रंगाची म्हणून घरात सगळे तिला एसटीच म्हणतात. रविवारी पहाटे खुलताबाद-वेरूळकडं चक्कर मारायची एवढ्यासाठीच ठेवलेली, त्यामुळं गिअर मारायची मजाच गेली तर ती गाडी ठेवून करायचं काय.

एका वर्कशॉपला दाखवली तर पाच मिनिटात निकाल लागला, सिंक्रो (गिअरचे दात जुळण्याआधी स्पीड एक करणारी आतली रिंग) गेलेत, गिअरबॉक्स उतरवावा लागंल, पंचेचाळीस हजार धरून चला. मी घाबरून ओळखीच्या एका चाचांकडं गेलो. चाचांनी ना बॉनेट उघडलं ना पाना हातात घेतला, खिडकीतून म्हणाले, "पहले इंजन बंद करो. अब डालो." पडला, एकदम अलगद, सहाच्या सहा गिअर. "अब चालू करके डालो." नाही पडला. मग चाचा खाली वाकले, क्लचच्या खालची ती जाडजूड मॅट धरून ओढली आणि मागच्या सीटवर फेकून दिली. "अब डालो." पडला की!

दोन महिन्यापूर्वी हौसेनं बसवलेली मॅट होती ती, खाली फोम, वर रेक्झिन, सोनेरी शिलाई. तिच्यामुळं क्लचचं पॅडल शेवटचं बोटभर खाली जातच नव्हतं, म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नव्हता, आणि मी शिव्या देत होतो गिअरबॉक्सला.

तेव्हापासून डोक्यात एक पक्कं बसलंय की गिअर जड झाला की वरून खाली जायचं. आधी फुकटातलं, मग शंभर-दोनशे रुपयातलं, मग हजारातलं, आणि गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात. खाली लिहिलेलं सगळं मी स्वतः माझ्या गाडीवर केलेलं आहे, काही एकट्यानं, काही चाचांच्या शिव्या खात.

सगळ्यात आधी, इंजिन बंद करून बघा

ह्याला पैसे लागत नाहीत आणि निम्मं उत्तर इथंच मिळतं, म्हणून ही पायरी सोडू नका. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून एक ते सहा आणि रिव्हर्स, सगळे गिअर सावकाश टाकून बघा. मग इंजिन सुरू करून, ब्रेकवर पाय ठेवून परत तेच करा.

बंद असताना मऊ आणि चालू असताना जड, म्हणजे क्लच नीट सुटत नाहीये. मॅट, पॅडल, क्लचचं ऑइल, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा) ह्या लाइनीत शोधा. दोन्ही वेळेला जड किंवा गिअरची जागाच सापडत नाही, म्हणजे दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतचा मामला आहे, बुश (दांडीच्या बुडाचे नि केबलच्या टोकाचे नायलॉनचे तुकडे) किंवा केबल. उभ्या गाडीत सगळं छान पण चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर खर्र करतो, समजा तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना दर वेळी, तर तिथं सिंक्रो रिंगवर संशय घ्यायला जागा आहे. आणि सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटरच जड, नंतर आपोआप मोकळा, तर गिअर ऑइलकडं बघा. परभणीकडच्या थंडीत पहाटे पारा आठ-नऊवर जातो तेव्हा थोडा जडपणा चांगल्या गाडीतही असतो बरं का, त्याला दुखणं समजू नका.

अजून एक छोटी टेस्ट. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांमधे रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळं आतला शाफ्ट फिरायचा थांबल्याशिवाय तो आवाज न करता पडत नाही. चार सेकंद थांबूनही खर्र वाजला तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाहीये, शंभर टक्के.

पॅडल आणि क्लचचं ऑइल

मॅट काढून बघायची हे सांगून झालंच आहे. काढल्यावर पॅडल हातानं फरशीपर्यंत दाबून बघा, वर येताना कुठं अडकतं का, पिव्हटला कुरकुर करतं का. जुन्या मारुतीसारख्या केबल क्लचच्या गाड्यांमधे केबल ताणून सैल होते, तिला ॲडजस्ट करायचा नट असतो, पॅडलला किती प्ले ठेवायचा ते मॅन्युअलमधे दिलेलं असतं.

आताच्या बहुतेक गाड्यांना हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, क्लच आहे आणि त्याचं ऑइल म्हणजे ब्रेक ऑइलच, कित्येक गाड्यांमधे तर डबीही एकच. त्या डबीत क्लचची नळी ब्रेकच्या वरच्या बाजूला निघते, त्यामुळं ऑइल कमी झालं की आधी हवा क्लचमधे शिरते. म्हणजे पॅडल स्पंजासारखं लागतंय, दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडतोय, तर समजून जा हवा आहे किंवा कुठंतरी लीक आहे. पॅडलच्या वरच्या बाजूला मास्टर सिलिंडरपाशी (पॅडल दाबलं की ऑइल पुढं ढकलणारा) बोट फिरवून बघा ओलं लागतंय का.

हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चं नवीन ऑइल किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. कन्नडच्या घाटात ट्रकांच्या मागं तास-दीड तास पहिला-दुसरा करत चढलात की शेवटी पॅडल ढिलं लागायला लागतं, त्यात ह्या जुन्या ऑइलचाही हात असतो. दोन वर्षाला बदला. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं, डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४, आणि डॉट ५ दिसायला मोठा आकडा असला तरी ते सिलिकॉनचं असतं, ते ह्यात मिसळायचं नाही.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मी खाली, भाच्याला पॅडलवर बसवलं होतं. स्लेव्ह सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक पाइप लावून तिचं दुसरं टोक थोड्या ऑइलच्या बाटलीत बुडवायचं. "दाब." "दाबला मामा." "धर." मी निपल अर्धा आटा सैल करतो, बुडबुडे येतात, निपल बंद करतो. "सोड." असं बुडबुडे थांबेपर्यंत, आणि मधेमधे डबी भरत राहायची, रिकामी झाली की केलेलं सगळं पाण्यात. आमच्या भाच्यानं तिसऱ्या वेळेला मोबाइल बघता बघता मी "सोड" म्हणायच्या आधीच सोडलं आणि हवा परत आत, पहिल्यापासून सगळं. पॅडलवर बसवायचा माणूस नीट निवडा. आणि हे ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी मारून धुवा, कलर खातं ते.

नॉब आणि खालचं कव्हर

आता गाडीच्या आत. गिअरचा नॉब काही गाड्यांमधे आट्यावर असतो, काहींमधे कव्हरसकट क्लॅम्पवर. आट्यावरचा फिरवून काढा. क्लॅम्पवाल्याला आधी खालच्या रेक्झिनच्या कव्हरची फ्रेम प्लास्टिकच्या पट्टीनं हळू उचला, कव्हर उलटं करा, क्लॅम्प दिसेल. जोर लावून सरळ वर ओढायचा असेल तर तोंड बाजूला ठेवा, तो सुटतो तेव्हा थेट हनुवटीवर येतो, मला विचारा.

कव्हर काढल्यावर आत काय काय सापडंल सांगता येत नाही. माझ्या गाडीत बडीशेप, टोलच्या पावत्यांचे तुकडे, एक रुपयाचं नाणं आणि मातीचा थर, आपल्याकडची ती काळी बारीक माती, पीठच. उन्हाळ्यात काच उघडी ठेवून गावाकडच्या रस्त्यानं गेलं की ती सगळीकडं शिरते. आतलं फोमचं किंवा रबराचं सील उन्हानं तडकलेलं असेल तर बदला, नाहीतर साफ केलेलं महिन्यात परत तसंच. व्हॅक्यूमनं ओढा, मऊ ब्रश मारा, ओल्या फडक्यानं पुसा. हवेचा प्रेशर मारू नका, ती माती उलट पिव्हटच्या आत जाऊन बसते.

नॉबवरून आठवलं, ऑनलाइन ते स्टीलचे वजनदार नॉब मिळतात. वजनामुळं दांडी स्वतःच्या जोरावर पुढं जाते आणि गिअर थोडा मऊ लागतो हे खरं आहे. पण आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंशात दोन तास उन्हात उभ्या गाडीतला स्टीलचा नॉब धरून दाखवा. मी पंधरा दिवस नॉबवर पायमोजा घालून फिरलो, मग विकून टाकला. लेदरचा घ्या, आहे तो चांगला असेल तर तोच ठेवा.

बुश, म्हणजे दहातल्या सहा वेळा खरा गुन्हेगार

दांडी गिअरमधे टाकलेली असताना डावी-उजवीकडं हलवून बघा. थोडं हलणारच, पण भाताच्या भांड्यात उलथनं फिरवल्यासारखी मोकळी फिरत असेल तर बुश झिजलेत. बुश म्हणजे नायलॉनचे छोटे छोटे तुकडे, दांडीच्या बुडाशी जिथं गोळा बसतो तिथं आणि केबलच्या टोकाला. ते झिजले की तुमच्या हाताची हालचाल निम्मी त्या मोकळ्या जागेतच संपते, गिअरबॉक्सपर्यंत पूर्ण जातच नाही, मग तिसरा शोधता शोधता पाचवा लागतो.

तुमच्या गाडीत कोणत्या प्रकारचं आहे ते आधी बघा. इंजिन आडवं आणि चालतात पुढची चाकं अशा आताच्या जवळपास सगळ्या गाड्या, पोलो घ्या, आय-२० एन लाइन घ्या, ऑल्ट्रोझ रेसर घ्या, ह्या केबलवर चालतात. जुन्या मारुती ८०० ला खालून रॉड जातो, त्याचे बुश गाडीखाली असतात आणि पावसाळ्यातल्या चिखलात आयुष्य काढतात. जिप्सीसारख्या गाडीत दांडी सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावरच बसलेली असते, मधे काहीच नाही. बाहेरच्या देशात माझदाच्या मियाटा ह्या स्पोर्ट्स गाडीचं गिअर मारण्यासाठी एवढं नाव आहे त्याचं एक कारण हेच, १९८९ पासून ती गाडी इंजिन उभं (म्हणजे गाडीच्या लांबीत) आणि दांडी थेट गिअरबॉक्सवर अशीच येते, हाताला सगळं जसंच्या तसं कळतं. केबलच्या गाडीला ते सुख पूर्ण मिळणार नाही, पण बुश नवे असले तर बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

बदलायचं कसं, तर कन्सोल काढावा लागतो. हातपिशवीएवढा एक डबा घ्या आणि स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं थर्मोकोलच्या तुकड्यात टोचत जा, नाहीतर शेवटी दोन उरतातच. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. केबलचं टोक गोळ्यावर दाबून बसवलेलं असतं, ते स्क्रू ड्रायव्हरनं एका बाजूनं उचकटू नका, प्लास्टिक चिरतं, दोन्ही बाजूंनी सारखं उचला. जुना बुश नखानं दाबला तर पिठासारखा भुगा पडतो कधीकधी. गोळा फडक्यानं लख्ख पुसा, नवा बुश घाला, ग्रीस लावा.

ग्रीसचं नीट ऐका. रबर असलं की सिलिकॉन ग्रीस, नुसतं नायलॉन असलं की पांढरं लिथियम ग्रीसही चालतं, वाटाण्याएवढं, बस. ते बेअरिंगचं पिवळं-तपकिरी ग्रीस बोट भरून चोपडू नका. त्यात आपली माती मिसळली की त्याचा पॉलिश पेपर होतो आणि नवा बुश वर्षाच्या आत खलास. आणि डब्ल्यूडी-४० म्हणजे ग्रीस नाही. ते गंज सोडवायला, ओल काढायला भारी आहे, मारल्यावर चार दिवस गिअर लोण्यासारखा लागतो, पाचव्या दिवशी आधीचं ग्रीसही धुवून गेलेलं असतं आणि आधीपेक्षा जड. माझ्या एका दोस्तानं वर्षभर दर महिन्याला मारलं आणि मला सांगत होता बघ मी किती मेंटेनन्स करतो.

पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे बुशही मिळतात. दांडी टणक होते, मजा येते, पण इंजिनची थरथर सगळी हातात येते. रोज ऑफिसला नेणाऱ्यानं नायलॉनचेच टाकावेत असं माझं मत आहे. शॉर्ट शिफ्टरचंही तसंच, दांडीचा प्रवास कमी होतो पण तेवढाच जोर जास्त लागतो, आधीच जड असलेल्या गिअरवर ते बसवून काही सुधारत नाही.

केबल

केबलवाल्या गाडीत दोन असतात. एक पुढं-मागं ओढते, म्हणजे गिअरमधे टाकते, दुसरी डावी-उजवीकडची गल्ली निवडते. त्यामुळं पहिला-दुसरा छान पडतो पण पाचवा-सहावा किंवा रिव्हर्सची गल्लीच सापडत नाही, असं असेल तर दुसऱ्या केबलवर नजर ठेवा.

गिअरबॉक्सकडचं टोक बघायला बहुतेक वेळा एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी काढावी लागते. बॅटरीचा मायनस आधी काढायचा, लावताना शेवटी. तिथं केबलच्या टोकाला रबराचं छोटं बेलो असतं. ते फाटलं की पाणी आणि माती आत, आणि केबल आतल्या आत गंजते. उंदरांचंही हे आवडतं खाणं आहे, सोयाबीन काढल्यावर ज्यांच्या घराशेजारी पोती लागतात त्यांनी दिवाळीनंतर एकदा टॉर्च मारून बघावंच. केबल दोन्ही टोकांनी सोडून हातानं ओढून बघा, एकसारखी सरकली तर ठीक, मधेच अडकली तर बदलायची, तेल पाजून काही होत नाही.

केबल सोडली की ॲडजस्टमेंट आलीच. पद्धत थोडक्यात अशी की दांडी न्यूट्रलला आणून तिच्या बुडाशी दिलेल्या भोकात पिन किंवा बरोबर मापाचा ड्रिल बिट घालून ती लॉक करायची, गिअरबॉक्सकडचा लिव्हरही न्यूट्रलला लॉक करायचा, केबलची क्लिप सोडून केबलला स्वतःच्या जागी बसू द्यायचं, क्लिप लावायची, मग दोन्ही पिना काढायच्या. प्रत्येक गाडीचं भोक आणि क्लिप वेगळी, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच करा. झाल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर दहा-दहा वेळा टाकून बघा, रिव्हर्स धरून, आणि मगच चावी फिरवा.

फाउंडेशन

हे पटकन सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतात ते फाटले की जोर लावल्यावर सगळं इंजिनच डुलतं, केबल ओढली जाते, आणि जोरात पळवताना दुसऱ्यातून तिसरा अडकतो, हळू चालवताना काही नाही. बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून, पहिल्यात अगदी किंचित क्लच उचलायचा आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं, समोर अजिबात नाही. इंजिन उडी मारल्यासारखं उचललं तर फाउंडेशन बदला, बुशपेक्षा जास्त फरक पडतो कधीकधी.

गिअर ऑइल

इंजिन ऑइल लोक सर्व्हिसला न चुकता बदलतात आणि गिअर ऑइल गाडी विकेपर्यंत तेच. काही मॅन्युअलमधे ते बदलायचा उल्लेखच नसतो, तरी जोरात चालवायची गाडी असेल तर माझा हिशोब ५०-६० हजार किलोमीटरला एकदा. सेकंड हॅण्ड घेतली असेल तर घेतल्या घेतल्या.

आता कोणतं टाकायचं, इथं लई गोंधळ आहे. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा ऑइलचा प्रकार लिहिलेला असतो आणि आपल्याला वाटतं पाच म्हणजे चारपेक्षा भारी. तसं नाही. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शिअलसाठी (चाकांना जोर वाटून देणारे गिअर), तिथं दात एकमेकांवर घासतात म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचे ॲडिटिव्ह जास्त. सिंक्रो रिंग बऱ्याचदा पितळेची असते आणि तिचं कामच मुळी घर्षणावर चालतं, गिअरच्या कोनाला घासून दोघांचा स्पीड एक करायचा आणि मगच दात जुळू द्यायचे. तिथं जास्त घसरडं ऑइल पडलं की ती पकडतच नाही, आणि ते ॲडिटिव्ह काही ऑइलमधे पितळ खातातही. म्हणून मॅन्युअलमधे जीएल-४ असेल तर जीएल-४ च, घट्टपणाचा आकडा ७५डब्ल्यू-८० म्हटला असेल तर तोच. गावाकडं दुकानात ट्रॅक्टरचं नव्वद नंबर हातात देतात, "सगळ्या गिअरला चालतंय" म्हणून. ट्रॅक्टरला चालतंय. तुमच्या गाडीत ते थंडीत मधासारखं घट्ट होऊन बसंल.

काम असं करा. पंधरा मिनिट गाडी चालवून आणा म्हणजे ऑइल पातळ होतं. गाडी चारी बाजूंनी सारखी वर घ्यायची, घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, वीट नाही, दगड नाही, शेजारच्याचा जॅक उसना आणून नाही, घोडीच पाहिजे. नाहीतर गॅरेजच्या रॅम्पवर करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आणि आता लक्ष द्या, आधी भरायचा नट उघडायचा, मग खालचा ड्रेनचा. उलटं केलं आणि भरायचा नट गंजून बसलेला निघाला तर ऑइल सगळं खाली आणि गाडी जागेवर. सुटला की खाली तसराळं लावून ड्रेन उघडा. नटाला मॅग्नेट असेल तर त्यावर करड्या रंगाची मऊ लोण्यासारखी पेस्ट दिसेल, ती चालते, एवढ्या वर्षात तेवढं झिजणारच. पण नखाएवढे चकचकीत तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर तिथंच थांबा, तो फोटो काढून मेकॅनिकला दाखवा. पिवळी चमक दिसली तर पितळ आहे, म्हणजे सिंक्रो.

दहा मिनिट निथळू द्या. ड्रेनला नवीन वॉशर घालून मॅन्युअलमधल्या टाइटनेसवर आवळा, गिअरबॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची असते, अंगातला सगळा जोर लावलात तर आटे जातात. भरायला जागा अडचणीची असते म्हणून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक पाइप दोन मीटर आणा, बॉनेटच्या वरून खाली भरायच्या भोकात सोडा, वर नरसाळं, आणि सावकाश ओता. बहुतेक गाड्यांमधे भोकातून ऑइल ओघळायला लागलं की लेव्हल झाली, थेंब थेंब थांबला की नट लावा. काहींचं माप वेगळं असतं, एवढे मिलिलिटर म्हणून मोजूनच टाकायचं, ते मॅन्युअलमधे बघून घ्या. जुनं ऑइल नालीत किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका, गॅरेजवाल्यांच्या जुन्या ऑइलच्या ड्रममधे देऊन या.

हात आणि पाय

एवढं सगळं करून परत सवय तीच राहिली तर काय उपयोग. दांडीवर हात ठेवून गाडी चालवायची सवय सोडा, तुमच्या हाताचं वजन आतल्या फोर्कला (गिअर सरकवणारा काटा) फिरत्या कॉलरवर दाबून धरतं आणि तो विनाकारण झिजतो. क्लचवर पाय टेकवून चालवू नका, रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना प्रेशर प्लेटवर टेकणारं) जातं. समृद्धीवर एकदा सहावा टाकला की तासभर डाव्या हाताला काम नसतं, तेव्हा तो मांडीवर ठेवा.

गिअर मारताना न्यूट्रलच्या मधे पापणी लवण्याएवढं थांबा. सिंक्रोला स्पीड जुळवायला तेवढाच वेळ लागतो. हाताची मूठ आवळून दांडी हाणायची नाही, तळहातानं ढकलायची, पहिल्यातून दुसऱ्यात खाली ओढताना तर स्वतःकडं ओढायचा मोह टाळा, सरळ मागं. उतरत्या गिअरला, म्हणजे मांजरसुंब्याच्या घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना, क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला किंचित टिचकी द्या म्हणजे इंजिनचा आरपीएम वर येतो, आणि क्लच सोडताना गाडी धक्का मारत नाही. सिंक्रोचं ओझं अजून कमी करायचं असेल तर जुन्या एसटीचे ड्रायव्हर करायचे तसं डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून टिचकी, परत दाबून गिअर. सिंक्रोवाला गिअरबॉक्स कॅडिलॅकनं १९२८ ला आणला, त्याच्या आधी सगळ्यांना हेच करावं लागायचं. एका गोष्टीची मात्र भीती बाळगा, जोरात असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर चाकं इंजिनला आरपीएम मीटरवरच्या लाल पट्ट्याच्या पलीकडं फिरवतात, तिथं आरपीएमचा कटऑफ काही वाचवत नाही, व्हॉल्व्ह वाकू शकतात. म्हणून बुश ढिले असलेली गाडी जोरात पळवूच नका.

तरीही नाही जमलं तर

वरचं सगळं केलं आणि तरी चालत्या गाडीत एक गिअर दर वेळी खर्र करतो, किंवा ॲक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप न्यूट्रलला उडतो, किंवा एकाच गिअरमधे शिट्टीसारखा आवाज येतो, तर आता गिअरबॉक्स खरंच उतरवायचाय. उतरवणीची मजुरीच मोठी असते, त्यामुळं एकदा खाली आलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तिथंच बघून घ्या, प्लेट निम्म्याच्या वर झिजली असेल तर बदलूनच टाका. स्लेव्ह सिलिंडर आत बसणारा असेल तर तोही. कोणता भाग बदलला आणि का ते मेकॅनिकला दाखवायला सांगा, जुने सिंक्रो रिंग नव्याच्या शेजारी ठेवून त्याचे दात बघा, झिजलेल्याचे टोकं गोल झालेली असतात, साध्या डोळ्यानं कळतं. आणि जुने पार्ट पिशवीत घालून घरी आणा, बिलात लिहिलेलं सगळं पिशवीत आहे का ते तिथंच मोजून.